झुरळं पाळ, पण पलंगाखाली नको

*ताई, नमस्कार. मी नागपूरचा, महाल भागातला. वय २२. माझ्याकडे एक लेपर्ड गेको (ठिपक्यांची पाळीव पाल) आहे आणि पुण्याला नोकरीसाठी गेलेल्या मित्राने सोपवलेला एक मोठा पॅकमॅन बेडूक. दोघंही जिवंत किडेच खातात. आधी रातकिडे पार्सलने मागवायचो, पण मार्चपासून अर्धे मेलेलेच येतात. म्हणून दोन महिन्यांपासून मोरीत निघणारी झुरळं पकडून घालतोय. त्यातलीच काही पलंगाखाली डब्यात वाढवायला ठेवली होती. मागच्या आठवड्यात आईने डबा उघडला. म्हणाली, "मी रोज झाडू घेऊन यांच्या मागे धावते अन् तू काहून यांना पोसून राहिला?" आजीला दमा आहे, ती त्याच खोलीत झोपते. अंगणापलीकडे आमची जुनी कोठी आहे, पण तिथे आईचं वर्षाचं धान्य असतं. बेडकाने नऊ दिवसांपासून काही खाल्लं नाही. एक मित्र म्हणतो, चिखलदऱ्याकडे असा गेको फुकटात मिळतो, जोडी लावून देतो. झुरळं कोणती ठेवू, कशी वाढवू आणि आईला कसं समजावू?*

— महालातला एक वाचक

प्रिय मित्रा,

सगळ्यात आधी पलंगाखालचा डबा आज बाहेर काढ. बाकीचं उत्तर त्यानंतर वाचलंस तरी चालेल.

तुझ्या पत्रात आजीच्या दम्याला एकच वाक्य मिळालंय. मी मात्र तिथेच अडकले. झुरळांची विष्ठा, टाकलेली कात आणि लाळ वाळून तिची भुकटी होते. त्या भुकटीतली प्रथिनं श्वासात गेली की दमा उसळतो, हे डॉक्टरांना अनेक वर्षांपासून पक्कं माहीत आहे. मोरीतलं झुरळ असो की दुकानातून आणलेलं स्वच्छ झुरळ, भुकटी दोघांचीही होते. गेल्या दोन महिन्यांत आजीला रात्री खोकल्याची उबळ जास्त येते का, पंप जास्त लागतो का, हे आईला विचार आणि आजीच्या डॉक्टरांना डब्याबद्दल खरं ते सांग. लपवू नकोस. औषध बदलायचं की नाही हे ते ठरवतील, पण त्यासाठी त्यांना घरात काय होतं ते कळायला हवं.

त्या डब्यातली झुरळं नालीत किंवा अंगणात सोडू नकोस. बादलीत कडक गरम साबणाचं पाणी घे, डबा त्यात उलटा कर आणि ट्रेसकट सगळं त्यातच संपव. मग पलंगाखालची जागा झाडूने झाडू नको. भुकटी उडेल आणि नेमकी आजीच्या उशीवर बसेल. ओल्या फडक्याने दोनदा पूस, तोंडाला मास्क बांधून. आजीला तेवढा वेळ दुसऱ्या खोलीत बसव.

आता बेडूक. एप्रिल संपत आलाय, नागपुरात पारा ४३च्या आसपास आहे. पॅकमॅन हा दक्षिण अमेरिकेतला बेडूक, त्याला २४ ते २८ अंश मानवतात. तुझ्या खोलीत दुपारी किती होतात ते थर्मामीटर टाकीत ठेवून पाहा. कोरडं आणि फार गरम झालं की हे बेडूक मातीत गाडून घेतात, हालचाल थांबवतात, अंगावर सुटलेल्या कातीचंच पांघरूण करून बसतात. धष्टपुष्ट मोठ्या बेडकाने नऊ दिवस न खाणं हे एरवीही भिण्यासारखं नाही. टाकी घरातल्या सगळ्यात गार कोपऱ्यात, जमिनीवर हलव. नारळाचा भुसा ओलसर ठेव, चिखल नको. पाणी नळाचं भरलंस तर आदल्या दिवशी उघड्या भांड्यात काढून ठेवलेलं भर, म्हणजे त्यातला क्लोरीन उडून जातो. मात्र बेडकाचे पाय थरथरत असतील, तोल जात असेल किंवा पोट टम्म फुगलं असेल, तर उन्हाळ्याला दोष देत बसू नकोस. त्याच दिवशी सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात घेऊन जा आणि काय खाऊ घातलं ते सांग.

"काय खाऊ घातलं" यावर जोर देते, कारण खरी भीती मला मोरीतल्या झुरळांचीच वाटते. झुरळांसाठी जी जेल मिळते ती मुद्दाम सावकाश काम करणारी बनवलेली असते. झुरळाने ती चाखावी, चालत बिळात परत जावं, तिथे मरावं आणि त्याची विष्ठा, त्याचं मढं खाऊन बाकीचीही मरावीत, अशी ती योजना असते. म्हणजे तू पकडलेलं झुरळ टुणटुणीत दिसत असलं तरी त्याच्या पोटात विष असू शकतं. तुम्ही घरात काही लावत नसाल, पण महालात भिंतीला भिंत लागून घरं. शेजारच्यांनी परवा फवारणी केली हे तुला कोण सांगणार? शिवाय नालीतून आलेल्या झुरळासोबत जंतू येतात, जंत येतात. आणि हे झुरळ गुळगुळीत काचेवरही चढतं, एकेका अंडकुपीत सोळाएक अंडी ठेवतं. ती कुपी कपाटाच्या फटीत चिकटली की तुला दिसणारही नाही. ही जात पाळायची नाही, खाऊही घालायची नाही. यात मधला मार्ग नाही.

पाळायचीच तर डुबिया. दक्षिण अमेरिकेतलं जंगली झुरळ, चपटं, तपकिरी, बायकांच्या अंगठ्याएवढं. ते गुळगुळीत प्लास्टिकवर किंवा काचेवर चढू शकत नाही. नराला पूर्ण पंख असतात पण उडता धड येत नाही, तो फार तर फडफडत खाली पडतो. मादीच्या पंखांचे फक्त खुंट असतात, त्यामुळे नर-मादी ओळखायला भिंग लागत नाही. रेड रनर म्हणून दुसरी एक जात लोक विकतात. तीही काचेवर चढत नाही, पण भलती चपळ असते आणि अंडकुप्या टाकत फिरते. घरात आजी असताना तिच्या वाटेला जाऊ नकोस. परदेशातून जिवंत कीटक मागवायला सरकारी परवाना लागतो. म्हणून इथेच, भारतात पैदास करणाऱ्या माणसाकडून घे आणि तो ती कशावर वाढवतो हे विचारून घे.

डुबियाची मादी अंडी बाहेर टाकून मोकळी होत नाही. मी एकदा रात्री टॉर्च लावून पाहत होते. मादीच्या शेपटाकडून फिकट पिवळी, दातेरी पट्टीसारखी अंडकुपी हळूहळू बाहेर आली, वाऱ्याला लावावी तशी थोडा वेळ बाहेर राहिली आणि ती पुन्हा पोटात ओढून घेतली गेली. पुढचे दोन-सव्वादोन महिने ती पोटातच उबते आणि मग एकदम वीस-तीस पिल्लं बाहेर येतात, तांदळाच्या दाण्यासारखी पांढरी. काही तासांत ती तपकिरी होतात. तुझ्या डब्यात मोठं पांढरंफेक झुरळ दिसलं तर आजारी समजून फेकू नकोस. त्याने नुकतीच कात टाकलेली असते. अंग मऊ असतं, आणि गेकोला ते सगळ्यात जास्त आवडतं.

हिशोब फार मोठा नाही. मोठा गेको दोन-तीन दिवसांआड चार-सहा मध्यम किडे खातो, मोठा बेडूक आठवड्या-दहा दिवसांनी काही मोठे. म्हणजे तुला महिन्याला शंभरच्या आतच लागतील. वीस-पंचवीस माद्या आणि सहा-सात नर इतक्यावर तुझं भागेल. पण पिल्लाला मोठं व्हायला चार-सहा महिने लागतात, तोवर माद्यांना हात लावायचा नाही. बहुतेकांच्या झुरळांच्या वसाहती इथेच कोलमडतात. भूक आपल्या प्राण्याची, घाई आपली, आणि दुसऱ्याच महिन्यात अर्ध्या माद्या खाऊ घातलेल्या. या काळापुरते खायचे किडे वेगळे विकत घे.

डबा चाळीस-पन्नास लिटरचा, गुळगुळीत प्लास्टिकचा, घट्ट झाकणाचा. झाकणात हातभर लांब खिडकी कापून स्टीलची बारीक जाळी बसव. मच्छरदाणीची नायलॉन जाळी ती कुरतडतात. आतल्या काठाला चारही बाजूंनी पॅकिंगची रुंद चिकटपट्टी लाव आणि ती पुसून स्वच्छ ठेव, कारण धूळ बसली की गुळगुळीतपणा जातो आणि पाय धरायला जागा मिळते. आत अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे उभे लाव, आडवे नको, म्हणजे लेंड्या खाली गळतात. झाकण उघडून ट्रेवर हलकी टिचकी मारलीस की आतून चिंचेचा वाळका पाला सरकावा तसा आवाज येतो. मला तो आवाज आवडतो. कोरडा, सळसळता आवाज म्हणजे वसाहत ठीक आहे. वास मात्र येता कामा नये. कोरड्या डब्याला जवळजवळ वास नसतो. आला तर काहीतरी कुजलंय किंवा मेलंय.

तू न विचारलेली, पण मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट म्हणजे झुरळांचं जेवण. तुझा गेको जे झुरळ खातो, त्याच्या पोटात काल काय गेलं तेच गेकोच्या पोटात जातं. बरेच जण डब्यात मांजराचं खाणं ओततात, कारण त्यावर पिल्लं भराभर वाढतात. पण झुरळाचं शरीर जास्तीचं प्रथिन युरिक आम्लाच्या रूपात चरबीत साठवून ठेवतं. त्याच्या आत राहणारे जिवाणू पुढे गरज पडेल तेव्हा ते वापरायला मदत करतात. झुरळासाठी ही सोय आहे, पण ते साठलेलं आम्ल रोज गेकोच्या पोटात जाणं चांगलं नाही. सरपटणाऱ्या प्राण्यांना त्याने सांध्यांचा, मूत्रपिंडाचा त्रास होऊ शकतो. म्हणून कोरडं खाणं साधं ठेव: गव्हाचा कोंडा, ओट्स, थोडं ज्वारीचं पीठ, मूठभर भाजलेल्या चण्याचं पीठ. ओलं खाणं म्हणजे गाजर, लाल कोहळं, शेवग्याचा पाला. शेवग्यात कॅल्शियम भरपूर, आणि नागपुरात शेवग्याचं झाड कुणाच्या अंगणात नाही? पालक टाळ, त्यातलं ऑक्झालिक आम्ल कॅल्शियम अडवून धरतं.

आणि संत्री. डुबिया संत्र्यावर अक्षरशः तुटून पडतात. आंबिया बहाराची संत्री बाजारात आली की एक फाक टाकून पाहा, अर्ध्या तासात पांढरा पापुद्रा तेवढा उरतो. पण सालीवर फवारणी असते आणि कधीकधी मेण. साल काढून फोडी घाल, साल डब्यात टाकू नकोस. संत्र्याच्या फोडीने पाण्याचीही सोय होते. उघडी वाटी ठेवू नकोस, पिल्लं बुडतात.

खाऊ घालायच्या आदल्या दिवशी लागतील तेवढी झुरळं लहान डब्यात वेगळी काढ आणि त्यांना फक्त गाजर, कोहळं, शेवगा दे. दुसऱ्या दिवशी एका पिशवीत चिमूटभर कॅल्शियमची भुकटी टाकून झुरळं त्यात हलकी हलव, की ती पांढुरकी होतात, आणि लगेच घाल. बहुतेक किड्यांत फॉस्फरस जास्त आणि कॅल्शियम कमी असतं. हे राहून गेलं की गेकोची हाडं मऊ पडतात, जबडा वाकतो, चालताना पाय कोपरात मोडल्यासारखे होतात. यूव्ही दिवा नसेल तर जीवनसत्त्व डी-३ असलेली भुकटी किती वेळा द्यायची ते पशुवैद्याला विचारून ठरव, ती जास्त झालीही चालत नाही. झुरळाचा आकार गेकोच्या दोन डोळ्यांमधल्या अंतराएवढा, त्याहून मोठा नको. न खाल्लेलं झुरळ रात्रभर टाकीत सोडून देऊ नकोस.

हवामानाचं गणित नागपुरात उलटं आहे. डुबियाला २८ ते ३३ अंशांत पिल्लं होतात. थंड देशांतले लोक वर्षभर हीटर लावून बसतात. तुला फक्त डिसेंबर-जानेवारीत हीट मॅट लागेल, तीही थर्मोस्टॅट लावून आणि डब्याच्या बाजूला चिकटवून, खाली नाही. तुझा खरा शत्रू मे महिना आहे. चाळीसच्या वर गेलेल्या खोलीत वसाहत एका दुपारी संपू शकते. गच्चीवरची टिनाची शेड म्हणजे तर भट्टीच. त्या दृष्टीने जाड मातीच्या भिंतींची तुमची जुनी कोठी फार चांगली जागा आहे. पावसाळ्यात मात्र तिथे ओल येईल, बुरशी धरेल, म्हणून ओलं खाणं रोज काढून टाकायचं, कंटाळा न करता. आणि थंड देशांतली एक समजूत इथे लागू नाही. तिकडे निसटलेलं डुबिया गारठ्याने जगत नाही म्हणतात. नागपुरात वर्षाचे बहुतेक महिने त्याला गारठा मिळणारच नाही. झाकणाबाबत ढिलाई नको.

कोठीत आणखी एक धोका आहे. आई धान्यात कीड लागू नये म्हणून कसल्या गोळ्या ठेवते का, ते विचार. त्यातल्या काहींचा वायू निघतो, तो माणसालाही घातक असतो, झुरळांचं तर काहीच उरणार नाही. झुरळांचा खडू, डासांची लिक्विड मशीन, अगरबत्ती, यातलं काहीही तिथे नको. माझी पहिली वसाहत अशीच गेली. पाहुणे येणार होते, डास होते, मी त्या खोलीत रात्रभर मशीन लावलं आणि दार बंद केलं. सकाळी सगळी उताणी पडलेली, काहींचे पाय अजून हलत होते. दोनशेच्या वर होती. चूक माझी होती, कारण डास मारणारं औषध झुरळालाही मारतं हे मला कळायला हवं होतं. मुंग्यांसाठी डबा चार पायांच्या पाटावर ठेव आणि पाय पाण्याच्या वाट्यांत. ते पाणी चार दिवसांनी बदल, नाहीतर त्यात डासांच्या अळ्या होतील.

मित्राच्या गेकोबद्दल थोडक्यात आणि ठाम सांगते: नाही. चिखलदरा मेळघाटात आहे. तिथून प्राणी उचलून आणणं हा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली गुन्हा आहे. सातपुड्यातल्या लेपर्ड गेकोची जात शास्त्रज्ञांनी वेगळी म्हणून नोंदवली ती २०१४ साली. जी जात आपल्याला इतक्या उशिरा कळली, ती आधी जगू दे. मित्राने आणलाच असेल तर सेमिनरी हिल्सवरच्या वन विभागाच्या ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटरला कळवा. कायद्यात २०२२ साली बदल होऊन सायटिस या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीतले विदेशी प्राणी पाळणाऱ्यांना केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते. तुझ्याकडचे दोन्ही प्राणी त्या यादीत आहेत का, ते तिथे स्वतः तपास आणि पावत्या जपून ठेव.

राहिली आई. तिला समजवायला जाऊ नकोस, विचारायला जा. कोठी तिची आहे. धान्य तिचं आहे. दोन महिने तू तिला न सांगता डबा ठेवलास, त्याबद्दल आधी माफी माग आणि आजीच्या डॉक्टरांशी बोलणं झालंय हे सांग. मग एका बंद काचेच्या बरणीत एक डुबिया तिला दाखव. ते बरणीवर चढू शकत नाही हे तिला स्वतः पाहू दे. डब्याला कुलूप, स्वयंपाकघरातलं एकही भांडं नाही, फ्रीज नाही, कोठीत जायचे कपडे वेगळे, आणि मास्क लावून दर महिन्याला तूच साफ करणार. काढलेल्या लेंड्यांत बारीक पिल्लं असतात, म्हणून त्या काळ्या पिशवीत घट्ट बांधून कडक उन्हात दोन दिवस गच्चीवर ठेवायच्या, मगच टाकायच्या. ती ज्या दिवशी पुरे म्हणेल त्या दिवशी वसाहत दुसऱ्या पाळणाऱ्याला द्यायची, हेही कबूल कर, आणि खरंच दे.

आणि तिला ही गोष्ट नक्की सांग. तू मोरीतली झुरळं खाऊ घालत होतास म्हणून घरात औषध लावायची सोय नव्हती. आता ती मोकळी आहे. मोरीत, सिंकखाली जेल तूच लावून दे, कोठीपासून लांब आणि बेडकाच्या टाकीपासूनही. फवारा नको, आजीच्या छातीला तो सोसणार नाही. तिचा झाडू घेऊन धावण्याचा त्रास यातून कमी होईल.

तरीही ती नाही म्हणाली, किंवा डॉक्टर म्हणाले की अंगणापलीकडेही नको, तर पैदास सोड. तुझ्यासारखा एखादा पाळणारा शहरात शोध. वसाहत त्याच्याकडे, खर्च निम्मा तुझा, आणि आठवड्याचे वीस किडे घरी आणून त्याच आठवड्यात संपवायचे. बेडकाला गांडुळं फार मानवतात. फक्त गांडूळखताच्या टाकीतली लालसर, हात लावल्यावर पिवळं पाणी सोडणारी नको, ती तो थुंकून टाकेल. बागेच्या ओल्या मातीतली, औषध न मारलेल्या जागेची घे, धुऊन घाल. गेकोला गांडूळ सहसा रुचत नाही, त्याच्यासाठी डुबियाच लागतील. आणि ती उन्हाळ्याच्या पार्सलमध्ये रातकिड्यांपेक्षा कितीतरी जास्त तग धरतात. पार्सल रात्रीच्या गाडीने मागव आणि सकाळी ऊन चढायच्या आत उचलून आण.